सहा अंडी, दोन स्कॅनर आणि टस्कीगी गाव : मंडळाचं आवाहन

नमस्कार मंडळी,

अलाबामातल्या टस्कीगी गावी कृष्णवर्णीयांसाठी शाळा उभी राहत होती तेव्हाची एक आठवण, ती उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. सत्तरीची एक म्हातारी काठी टेकत त्यांच्याकडे आली. अंगावर चिंध्या, पण स्वच्छ धुतलेल्या. उमेदीची सगळी वर्षं गुलामीत गेलेली. जवळ पैसा नव्हता, म्हणून साठवून ठेवलेली सहा अंडी तिने पुढे केली आणि ही पोरांच्या शिक्षणाला लावा म्हणाली. पुढे त्या शाळेला कार्नेगींसारख्या धनाढ्यांनी भरभरून दिलं. तरी त्या सहा अंड्यांइतकी काळजाला भिडलेली देणगी दुसरी नाही, असं वॉशिंग्टन म्हणतात.

ही गोष्ट आधीच सांगून ठेवली, कारण टस्कीगीतल्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांचे जुने फोटो-कागद स्कॅन करून ठेवायच्या कामासाठी पत्राच्या शेवटी आम्ही तुमच्याकडे पैसे मागणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांनी टस्कीगी पाहिलं आहे, निदान आपली तशी समजूत आहे. भारतातून आई-बाबा आले की एका शनिवारी गाडी ८५ नंबरच्या हायवेवरून वळते. इथे शिकवणारे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं म्युझियम, त्यांची समाधी, तिथे चार फोटो. आईचे डोळे भरून येतात, कारण शाळेत असताना वाचलेला हा माणूस तिला घरातल्यासारखा वाटतो. मग पार्किंगमध्ये घरून आणलेली पुरी-भाजी, आणि चारच्या आत परत. गावात आपण एक कप कॉफीसुद्धा विकत घेत नाही. चौक तिथून मैलभरावर, पण तिकडे कोणाचंच पाऊल वळत नाही.

टस्कीगी हे अलाबामातल्या मेकन काउंटीचं मुख्यालय. आपल्या भाषेत तालुक्याचं गाव. जमीन मूळची मस्कोगी या इथल्या मूलनिवासी लोकांची. १८३२च्या कराराने ती त्यांच्या हातून गेली आणि पुढच्याच वर्षी इथे गाव बसलं. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ९,३९५. मधोमध चौक, एका बाजूला शंभरी ओलांडलेली कोर्टाची देखणी इमारत. १९०६ मध्ये काउंटीने हा चौक कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या, सैनिकांच्या वारसदार स्त्रियांच्या संघटनेला देऊन टाकला, 'गोऱ्यांसाठी बाग' म्हणून, आणि त्यांनी तिथे आपल्या सैनिकाचा पुतळा उभारला. मैलभरावर वॉशिंग्टन आणि कार्व्हर शिकवत होते त्याच काळातली ही गोष्ट.

शाळेची कथा तुम्हाला ठाऊक आहे, पण सुरुवात गावातल्या दोघांनी केली हे बहुधा सांगायचं राहून जातं. एक लुईस अॅडम्स, पूर्वी गुलाम, पत्र्याची भांडी घडवणारे कारागीर. दुसरे जॉर्ज कॅम्पबेल, पूर्वी गुलाम बाळगणारे, बँकेचा धंदा करणारे. राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त पगारापुरते. ४ जुलै १८८१ला शाळा भरली तेव्हा ना जमीन होती ना इमारत. विद्यार्थ्यांनीच विटा पाडायला घेतल्या. भट्टी तीनदा फसली. चौथ्या खेपेसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. ते त्यांना पुन्हा सोडवता आलं नाही. विटा मात्र चांगल्या निघाल्या.

आता ज्यासाठी हे पत्र, त्याकडे येतो. १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगीची हद्द बदलली. चौकोनी गावाचा २८ बाजूंचा आकार केला, असा की साधारण ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे गावाबाहेर पडले. गोरा मतदार एकही गेला नाही. त्या शाळेचं आज जे विद्यापीठ झालं आहे, तेच हद्दीबाहेर! लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांत जाणं बंद केलं, काही दुकानांना कुलपं लागली. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन कोर्टात गेले, फ्रेड ग्रे यांनी वकिली केली, आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल गोमिलियन यांच्या बाजूने दिला. हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. पण बहिष्काराच्या दिवसांत मीठ-पीठ कुठून आणलं, कोणाची गाडी कोणासाठी धावली, हे ज्यांना आठवतं ती तेव्हाची दहा वर्षांची मुलं आज ऐंशीला टेकली आहेत. त्यांच्या कपाटांत फोटो आहेत, चर्चमध्ये अंत्यविधीला वाटलेल्या छापील पुस्तिका आहेत. या पुस्तिकांत माणसाचा जन्म, शाळा, नोकरी, मुलं, नातवंडं सगळं असतं. एकेक पुस्तिका म्हणजे एकेका घराची बखर. अलाबामाच्या दमट हवेत तो कागद किती टिकणार?

कार्यकारिणीच्या बैठकीत एकाने विचारलंच, "यात मराठी मंडळाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या इथल्या सज्जनांना. तेवढं आठवून आम्ही पुढचा विषय घेतला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. १९३२ पासून ४० वर्षं सरकारच्या आरोग्य खात्याने याच काउंटीतल्या ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजार सांगितला नाही, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा ते थांबलं. अध्यक्षांची माफी यायला १९९७ उजाडलं. तेव्हा वही-पेन घेऊन आलेल्या बाहेरच्या माणसाकडे इथलं कोणी सावधपणे पाहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांचं बरोबर आहे.

म्हणून प्रश्न आपण विचारायचे नाहीत. ते गावातले विद्यार्थी विचारतील. आपलं काम हमालीचं: यंत्रं लावायची, फोटो स्कॅन करायचे, ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करायचं, ज्येष्ठांना घरून आणून परत सोडायचं. मूळ कागद त्याच दिवशी घरी परत. पहिली प्रत त्या कुटुंबाला, आणि त्यांनी हो म्हटलं तरच दुसरी जतनासाठी. आपल्या मंडळाच्या पेजवर यातलं काहीही टाकायचं नाही. सेल्फीसुद्धा नाही.

खर्चाचा अंदाज ४,००० डॉलर. दोन चांगले स्कॅनर, ध्वनिमुद्रणाची साधनं, हार्ड डिस्क, आणि विद्यार्थ्यांचं मानधन. यातला मोठा भाग मानधनाचा आहे आणि तो कमी करायचा नाही, असं ठरलं आहे. गणेशोत्सवाच्या शिलकीतून मंडळाने १,००० दिले आहेत. उरलेल्या ३,००० साठी तुमच्याकडे आलो आहोत. २५ द्या, १० द्या, दिवाळी अंकाच्या वर्गणीतून उरलेले पाच द्या. पैसे मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर, शेऱ्यात 'टस्कीगी' लिहायला विसरू नका. हिशेब पाडव्याच्या कार्यक्रमात मांडला जाईल.

पैशांपेक्षा माणसांची चणचण जास्त आहे. महिन्यातून दोन शनिवार, सकाळी नऊ ते तीन. विद्यापीठाच्या होमकमिंगचा शनिवार सोडून, कारण त्या दिवशी गाव फुटबॉल आणि माहेरवाशिणीसारख्या परतलेल्या माजी विद्यार्थ्यांचं असतं. रविवारची सकाळ चर्चची, तेव्हा कोणाला फोनही करायचा नाही. दक्षिणी उच्चार कानाला सवयीचे असलेले टाइप करणारे हवेत. इथेच वाढलेली आपली मुलं या कामात आपल्यापेक्षा सरस ठरतील, त्यांना घेऊन या.

आणि येताना डबे आणू नका. जेवण गावातच घ्यायचं आहे.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी