वीकेंडचा गणपती म्हणून हिणवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातल्या गणपतीबद्दल एका वाचकाचं पत्र आपल्या पेपरात वाचलं. चतुर्थी सोडून शनिवारी गणपती, बादलीत विसर्जन, फ्रोजन मोदक, याला सण म्हणायचं का असं त्यांचं म्हणणं. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी भाची शिकागोला असते. तिथल्या आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे आयर्लंडच्या संताचा सण, असतो १७ मार्चला, पण मोठी परेड निघते शनिवारी, १७ ला शनिवार नसेल तर त्याच्या आधीच्या शनिवारी. त्या सकाळी बोटीतून नदीत रंग टाकतात, पावडर केशरी दिसते आणि पाण्यात पडली की नदी हिरवीगार, भाचीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर मी बघतच राहिले! १९६२ पासून तिथल्या प्लंबर लोकांच्या युनियनने हे चालू ठेवलंय, सांडपाणी नदीत कुठून येतंय ते शोधायला रंग वापरायचे त्यावरून त्यांना हे सुचलं. आयर्लंडमधून आणलेली प्रथा नाहीच ती, तिकडे गेलेल्यांनी तिकडेच सुरू केली.

आणि ही माणसं काही हौसेने गेली नव्हती. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत साधारण १० लाख लोक उपासमारीने आणि रोगराईने गेले आणि तितक्यांनीच देश सोडला. न्यू यॉर्कची परेड तर त्याच्याही आधीची, १७६२ ची, डब्लिनमधे सरकारी परेड निघाली १९३१ ला. खाण्याचंही तेच, मायदेशी बेकन आणि कोबी, अमेरिकेत गेल्यावर ज्यू खाटकांकडे खारवलेलं बीफ स्वस्त मिळायचं म्हणून कोबीबरोबर ते शिजायला लागलं आणि आता तेच त्यांचं सणाचं जेवण. जे मिळालं त्यात त्यांनी सण टिकवला, मग आपल्या पोरींनी ओल्या नारळाऐवजी फ्रोजन खोबरं घेतलं तर काय बिघडलं?

मी गिरगावातली. सार्वजनिक गणपती १८९३ ला सुरू झाला तेव्हा तोही नवीनच होता, आमच्या केशवजी नाईक चाळीचा गणपती तेव्हापासूनचा. आज मुंबईत कृत्रिम तलावात विसर्जन होतं ते आपल्याला चालतं, मग अपार्टमेंटमधल्या बादलीनेच का बाटायचं?

लिओ वरदकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता. जन्म डब्लिनचा, पण वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि २०१९ च्या डिसेंबरमधे पंतप्रधान असताना ते गावी येऊन गेले तर सगळ्या कोकणाने कौतुक केलं. तिथे जन्मलेला माणूस आपला, आणि ऑफिस सांभाळून, सुट्टीच्या दिवशी हॉल भाड्याने घेऊन पोरांकडून अथर्वशीर्ष म्हणून घेणारी आपली माणसं मात्र हौशी, हा कुठला न्याय? भाचीच्या मंडळात आरतीला गुजराती, तेलुगू आणि अमेरिकन शेजारीसुद्धा येतात, टाळ कसा धरायचा ते पोरं त्यांना शिकवतात.

माझी आपल्याला विनंती आहे की यंदाच्या गणपती पुरवणीत एक पान परदेशातल्या मंडळांना द्या. नुसते फोटो नकोत, मूर्ती कुठून आणतात, नैवेद्याला काय मिळतं, गुरुजी नसले तर पूजा कोण सांगतं, हे त्यांच्याच शब्दांत छापा.

आपली नम्र,
एक वाचक, गिरगाव