मूर्तींचं नाव कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीतला 'गुरुदत्तांचा वारसा' हा लेख वाचला. त्यांच्या 'कागज़ के फूल' चित्रपटातला, अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशझोत लेखकमहाशयांनी 'स्पॉटलाइटची जादू' म्हणून एका वाक्यात निकालात काढलाय. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींचं नाव पानभर लेखात एकदाही नाही. धन्य आहे!

तो झोत दिव्याचा नव्हताच, उन्हाचा होता. एक मोठा आरसा बाहेर उन्हात, दुसरा स्टुडिओत वर कॅटवॉकवर, म्हणजे छताजवळच्या अरुंद चालवाटेवर. पहिल्याने ऊन आत फेकायचं, दुसऱ्याने खाली सोडायचं. दिव्याचा झोत पंख्यासारखा पसरतो. सूर्यकिरण जवळजवळ समांतर, म्हणून पट्टा सरळ उतरतो. मेख अशी, की सूर्य 4 मिनिटांत 1 अंश सरकतो. आरसा फिरवत राहिलं नाही तर 20 मीटरवर झोत तेवढ्यात सुमारे 35 सेंटिमीटर ढळतो आणि नट अंधारात! शिवाय धूर हवा. कमी पडला तर झोत दिसत नाही, जास्त झाला तर काळ्याचा करडा होतो. हल्ली आपल्या इंदुरातली शॉर्टफिल्मवाली मुलं फॉग मशीन लावतात आणि एलईडी मारतात कॅमेऱ्याच्या पाठीमागून. झोत दिसणार कसा? दिवा नटाच्या मागून, कॅमेऱ्याच्या रोखाने हवा.

वारसा म्हणजे कुणी कुठला शॉट उचलला याची यादी नव्हे. गोविंद निहलानी मूर्तींच्या हाताखाली शिकले. त्यांनी बेनेगलांचा 'अंकुर' (1974) चित्रित केला, आणि पुढे स्वतःच्या 'तमस' मालिकेसाठी मूर्तींनाच बोलावलं. 'अंकुर'मध्ये झोत नाही की आरसे नाहीत. पण उजेड कुठून येतोय हे आधी ठरवून मग कॅमेरा लावायचा, ही शिस्त मूर्तींकडचीच. लेखात यातलं अक्षर नाही.

त्यात लेखासोबतचं 'कागज़ के फूल'चं छायाचित्र! 1959चा हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट, चौकट उंचीच्या सव्वादोनपटीहून रुंद. तुमच्या पान लावणाऱ्यांनी दोन्ही बाजू छाटून तिचा चौरस केला. म्हणजे ज्या अंधारासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच कापला.

उत्तरार्ध पुढच्या अंकात आहे म्हणे. निदान त्यात चौकट पूर्ण छापा. जागा नसेल तर राशिभविष्य छाटा. आणि रविवारची पुरवणी इंदुरात सोमवारी का पोचते, तेही एकदा कळवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
राजेंद्रनगर, इंदूर