लेथवाल्या अण्णांस अनावृत आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या जीपचा मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, तुम्ही नव्याने बनवलात आणि त्याचे कोन जुळवून दिलेत, त्याबद्दलचे हे आभार मुद्दाम सर्वांसमोर मानत आहे. समोरासमोर आभार मानले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून लेथ सुरू करता, हे एक कारण. दुसरे असे की, सातारा जिल्ह्यात उंची वाढवलेल्या गाड्या वापरणाऱ्या अनेकांना हाच त्रास आहे, आणि तुम्ही तो ज्या रीतीने शोधलात ती त्यांनाही कळायला हवी.

मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या शेताची वाट पावसाळ्यात खडक आणि चिखल यांचीच उरते, म्हणून जुन्या महिंद्रा जीपचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून तिची उंची सुमारे 3 इंचांनी वाढवून घेतली होती. ते काम दुसऱ्या शहरातील एका कारखान्यात झाले. गाडी शेतात छान चालू लागली, पण महामार्गावर तिचा मागचा भाग थरथरू लागला आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस वारंवार खिळखिळे होऊ लागले. प्रत्येकाने एकच उपाय सांगितला: जाड नळीचा, मोठ्या क्रॉसचा भारी शाफ्ट टाका. मीही तोच बनवून घ्यायला तुमच्याकडे आले होते.

तुम्ही शाफ्टकडे पाहिलेही नाही. खंबाटकीचा चढ चढताना थरथर वाढते की उतारावर पाय उचलल्यावर, एवढेच विचारलेत. चढावर, असे उत्तर मिळताच तुम्ही म्हणालात, की शाफ्टचा तोल बिघडलेला असेल तर थरथर गाडीच्या वेगाबरोबर येते-जाते, पाय दाबलेला असो वा उचललेला. जोर दिला की वाढणारी आणि सोडला की निवळणारी थरथर बहुधा कोनाची असते. त्यानंतर गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर पूर्ण वजन टाकून उभी करायला लावलीत. जॅकवर उचललेल्या गाडीचे हाउसिंग, म्हणजे मागच्या आसाचे कवच, खाली लोंबते आणि मग मोजलेला कोन खरा नसतो, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. यापूर्वी कोणीतरी तसेच मोजले असणार, हे तुम्ही ओळखले होते.

मोजणीत जे निघाले ते असे. साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास लांबी असलेल्या शाफ्टचे एक टोक 75 मिलिमीटरने वर गेले की त्याचा उतार पाच-सहा अंशांनी वाढतो. त्यामुळे ट्रान्सफर केसकडच्या (ही पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) क्रॉसचा कोन 16 अंशांच्या घरात गेला होता. साधा क्रॉस कोनात फिरताना पुढच्या भागाला एकसारखी गती देत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो शाफ्टला दोनदा पुढे ढकलतो आणि दोनदा मागे रेंगाळवतो. कोन 10 अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो, 16 अंशांना तो सुमारे चार टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि योग्य जुळणीत असला, तर तो हा चढउतार पुसून टाकतो आणि पिनियनपर्यंत, म्हणजे मागच्या आसाच्या तोंडाशी असलेल्या दातेरी चाकापर्यंत, गती सरळ पोहोचते. आमच्या गाडीत मात्र पाट्यांखाली पाचरी घालून पिनियनचे नाक वर उचलले होते, त्यामुळे मागचा कोन पुढच्याच्या निम्म्यावर आला होता आणि पुसण्याचे काम जेमतेम पाव हिस्साच होत होते.

दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील तर पिनियन आणि ट्रान्सफर केसची फ्लँज (शाफ्ट जोडण्याची चकती) एकमेकांना समांतर हवी. पिनियनचे नाक थेट ट्रान्सफर केसकडे रोखायचे असेल तर वरच्या टोकाला डबल कार्डन, म्हणजे पाठोपाठ दोन क्रॉस असलेला जॉइंट हवा, कारण तो आपला चढउतार आपल्यातच मिटवतो. आमच्या गाडीत शाफ्ट पहिल्या पद्धतीचा आणि पिनियन दुसऱ्या पद्धतीकडे झुकलेले, अशी सरमिसळ झाली होती. माझ्या मनातला भारी शाफ्ट बसवला असता तर तोही तसाच थरथरला असता, फक्त क्रॉस तुटायला थोडा जास्त वेळ लागला असता. तुम्ही तो निमूटपणे बनवून दिला असतात तर मी पैसे देऊन गेलेही असते, आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

त्यापुढे तुम्ही दोन मार्ग खर्चासकट समोर ठेवलेत. पाचरी काढून पिनियन समांतर करणे स्वस्त होते. थरथर पुष्कळ कमी झाली असती, पण दोन्ही क्रॉस 16 अंशांतच झिजत राहिले असते आणि खड्ड्यात चाक लोंबल्यावर कोन आणखी वाढला असता. ट्रान्सफर केस खाली उतरवण्याची माझी सूचना तुम्ही एका वाक्यात मोडीत काढलीत: वाढवलेली उंची पोटाखाली परत घालवायची असेल तर वाढवली कशाला? शेवटी डबल कार्डनचा मार्ग ठरला आणि तो जॉइंट मिळवण्यासाठी तुम्ही कराड, कोल्हापूर आणि पुणे येथे स्वतः फोन केलेत.

नवी नळी तुम्ही जुनीपेक्षा जाड घेतलीत आणि स्लिपची, म्हणजे शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याची, दाते असलेली बाजू लांब ठेवलीत. गाडी चॅसिसवर उचलून हाउसिंग पूर्ण लोंबते ठेवले तेव्हा स्लिपची पकड पुरेशी उरते का, आणि पाटे दबल्यावर ती तळाला टेकत तर नाही ना, हे दोन्ही पाहिल्यानंतरच तुम्ही लांबी पक्की केलीत. वेल्डिंगनंतर लेथवर मोजणीची डायल लावून नळी सरळ असल्याची खात्री केलीत आणि मगच शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवलात.

पाचरींबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे. आधीच्या ॲल्युमिनियमच्या पाचरी कडांना चेपल्या होत्या. तुम्ही त्या जागी पोलादी पाचरी कापल्यात, पाट्यांचा मधला बोल्ट लांब घेतलात आणि त्याचे डोके हाउसिंगच्या बैठकीत नीट बसते की नाही हे हाताने चाचपून पाहिलेत. पिनियन ट्रान्सफर केसच्या अगदी रेषेत न आणता तुम्ही ते जवळपास दोन अंश खाली ठेवलेत. जोर दिल्यावर पाटे पिळले जातात आणि पिनियनचे नाक वर येते, म्हणजे चढावर ते आपोआप रेषेत येते. शिवाय कोन अगदी शून्य राहिला तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी दाबल्या जाऊन खाचा पाडतात. थोडा कोन असला की त्या हलत्या राहतात. एकाच मोजमापातून दोन्ही गोष्टी साधल्या, हे पाहून मला शाळेतल्या गणिताच्या तासाला मिळाला नव्हता तेवढा आनंद झाला. नाक वर गेल्याने पिनियनच्या पुढच्या बेअरिंगकडे तेल कमी पोहोचते, म्हणून डिफरेन्शियलमधील तेलाची पातळीही तुम्ही नव्याने ठरवून दिलीत.

गाडीत असे बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे, मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 अशा बदलांवर मर्यादा घालते, हेही तुम्ही बजावले होते. ज्यांच्या गाड्या अजून मूळ उंचीवर आहेत त्यांनी ते आधीच ऐकावे.

आता खंबाटकीच्या चढावर गाडी शांत चालते आणि शेताच्या वाटेवर चाक लोंबले तरी शाफ्टमधून ठोका येत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे क्रॉसना आणि स्लिपला ग्रीस मारण्याची नोंद गाडीतल्या वहीत ठेवत आहे. काही अंतर धावल्यावर पाटे आसाला बांधणारे यू बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, त्यासाठी पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येईन. बिलात पोलादी पाचरींची मजुरी लावलेली दिसत नाही, तेवढी त्या दिवशी लिहून ठेवावी, ही विनंती.

आपली नम्र,
जावळी तालुक्यातील एक जीपमालकीण