नेट जातंय म्हणून लिनक्सला शिव्या देऊ नका, आधी डोंगल बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पोराच्या नादानं जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकलं आणि तेव्हापासून वायफाय सारखं जातंय, तेव्हा लोकांनी या फंदात पडू नये. त्यांचा वैताग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही, पण निदान साफ चुकलंय, आणि असं पेपरात छापून आलं की लोकं चांगली मशीनं भंगारात काढतात म्हणून हे लिहितोय. मी कोल्हापुरात शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं ही तक्रार मला नवी नाही, दुकानाचं शटर वर गेलं की कोणीतरी येतंच, "ओ, तुमचं ते लिनक्स काढा आणि आमचं जुनं होतं ते परत घाला."

आधी हे सगळं आत्ताच का सुरू झालं ते बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरपण बऱ्यापैकी नवा लागतो, त्यामुळं धडधाकट चालणारी मशीनं एका रात्रीत जुनी ठरली आणि लोकांनी त्यावर मिंट नाहीतर उबुंटू, म्हणजे लिनक्सचेच प्रकार, टाकून घेतले, जे योग्यच केलं. पण यातल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मुळात वायफाय कार्डच नसतं. पूर्वी टेबलामागनं केबल यायची, मग फायबर आलं, राउटर गेला बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर, आणि केबलच्या जागी आलं दोन-तीनशे रुपयांचं, यूएसबीत खोचायचं नखाएवढं वायफायचं डोंगल. मशीन तेच, खोली तीच, भिंती त्याच, नवीन काय तर लिनक्स, म्हणून सगळं खापर त्याच्यावर. विंडोजवर असतानाबी या डोंगलचं नेट अधनंमधनं तुटायचंच की, पण तेव्हा लोकं "नेट गेलं" म्हणायची, आता "लिनक्स गेलं" म्हणतात.

बरं, नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं हे कोणी बघतच नाही. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाईप करायची खिडकी, उघडायचं, पिंग (ping) लिहायचं आणि पुढं आपल्या राउटरचा नंबर टाकायचा, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ असतो, आणि ते चालू ठेवून आपलं काम करत बसायचं. लिनक्सवरचं पिंग आपण कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत थांबत नाही. शेजारी दुसरी खिडकी उघडून ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावायचं. आता नेट गेलं की दोन्हीकडं बघा. राउटरचं उत्तर दोन-चार मिलिसेकंदात झकास येतंय आणि ८.८.८.८ चं बंद पडलंय, तर तुमचं वायफाय ठणठणीत आहे, बाहेर लाईन गेलीय, आणि आपल्या गावात रस्ता खोदणं बारमाही चालू असतं त्यामुळं ती जायला कारण लागत नाही. दोन्हीकडनं उत्तर येतंय आणि तरी साईट उघडत नाही, तर डीएनएसमध्ये, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा नंबर शोधणाऱ्या सोयीत, घोळ आहे. आणि राउटरचंच उत्तर मध्ये मध्ये गायब होतंय किंवा तीनशे-चारशेवर जातंय, तरच दोष कॉम्प्युटर ते राउटर एवढ्या टप्प्यात आहे. एवढं जरी लोकांनी घरी केलं तरी माझ्याकडं येणारी निम्मी गिऱ्हाईकं कमी होतील, होऊ देत.

आता या टप्प्यातला एक किस्सा सांगतो, कारण तो मला स्वतःला फार आवडतो. राजारामपुरीत एक फोटो स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतात, एडिटिंगचं मशीन वेगळं आणि बिलं, मेल, गिऱ्हाईकाला फोटो पाठवणं यासाठी एक जुना डेस्कटॉप, त्यावर मिंट. तिथला पोरगा म्हणाला, "दादा, लग्नाचा डेटा टाकाय लागलो की नेट बसतंय बघा, कॉपी संपली की आपोआप येतंय." मालकांचं म्हणणं, लिनक्सला एका वेळी दोन कामं झेपत नाहीत. मी टेबलाखाली वाकून बघितलं तर टॉवर भिंतीला चिकटवलेला, मागं दोन निळे यूएसबी पोर्ट एकाखाली एक, वरच्यात एक्स्टर्नल हार्डडिस्कची वायर आणि खालच्यात डोंगल, दोघांत बोटभर अंतर नाही. तिथंच कळलं. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०, त्यातनं सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं डेटा जातो तेव्हा जो रेडिओचा गोंगाट बाहेर सुटतो तो बरोबर २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो, आणि आपलं साधं वायफायबी तिथंच बोलत असतं. हे माझं डोकं नाही, इंटेलनं २०१२ सालीच यावर सविस्तर पेपर काढलाय. म्हणजे हार्डडिस्क चालू झाली की डोंगलच्या कानाशी ढोल वाजतोय आणि राउटर पलीकडच्या खोलीतनं हाका मारतोय, ऐकू येणार कसं. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेतली, मीटरभराची, ती निळ्याऐवजी काळ्या पोर्टला लावली आणि तिच्या टोकाला डोंगल लावून ते टेबलावर मॉनिटरच्या बाजूला ठेवलं. सॉफ्टवेअरला हातसुद्धा लावला नाही. त्या दिवशी मालकांनी चहाबरोबर वडापावपण मागवला.

ही एक्स्टेन्शन वायर सगळ्यांनीच घ्यावी असं माझं मत आहे, कारण डोंगल मागं लावलं की एका बाजूला पत्र्याचा कॅबिनेट आणि दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती तर विचारूच नका, त्यातनं मोबाईलचीच रेंज जाते तर या नखाची काय कथा.

पण लिनक्सची बाजू घ्यायची म्हणून त्याच्या चुका झाकणार नाही. उबुंटू आणि त्याच्यावर बेतलेल्या मिंटमध्ये वायफायची वीजबचत आपोआप चालू असते. लॅपटॉपला ते ठीक आहे, बॅटरी वाचते, डेस्कटॉपला कुठली बॅटरी? काही कार्डांना ही बचत झेपते, काहींना झेपत नाही, थोडा वेळ नेटवरनं काही आलं-गेलं नाही की कार्ड झोपी जातं आणि मग उठायला का-कू करतं. लक्षण ओळखायला सोपं, डाऊनलोड चालू असताना नेट व्यवस्थित आणि नुसतं वाचत बसलं की पुढचं पान उघडत नाही. उपाय असा की नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये वायफाय पॉवरसेव्ह नावाची छोटी फाईल असते, तिच्यात शेवटी ३ लिहिलेलं असतं, ते २ करायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं. ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद, हे कोणी आणि का ठरवलं देव जाणे. माझं म्हणणं, एवढ्यासाठी माणसाला फाईल उघडायला लावू नये, सेटिंगमध्ये सरळ एक बटण द्यावं, पण ते ऐकणार कोण.

आता मूळ दुखण्यावर येतो. डोंगलच्या खोक्यावर स्पीड मोठ्या अक्षरात असतो, विंडोजचं चित्र असतं, मॅकचं असतं, बऱ्याचदा लिनक्ससुद्धा लिहिलेलं असतं, फक्त आत चिप कोणाची आणि कुठल्या नंबरची आहे तेवढं नसतं, आणि लिनक्सला फक्त तेवढ्याशीच मतलब असतो. वर आणि एकाच मॉडेलच्या आत चिप बदलतात. एका भरपूर खपलेल्या डोंगलची पहिली आवृत्ती अथेरॉसच्या चिपवर होती, लिनक्सवर लावलं की चाललं, त्याची कीर्ती ऐकून लोकांनी तेच नाव सांगून पुढची आवृत्ती घेतली तर आत रियलटेकची निघाली. मॉडेलचा नंबर तोच, आवृत्तीचा आकडा लेबलवर बारीक अक्षरात. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो सगळी सारखीच असतात. काही डोंगलं तर अशी आहेत की लावली की आधी मी सीडी आहे असं सांगतात, कारण आत विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, भरून ठेवलेला असतो, आणि त्यांना सीडीच्या सोंगातनं बाहेर काढल्याशिवाय ती वायफाय म्हणून दिसतच नाहीत. माणूस म्हणतो लिनक्सला डोंगल सापडत नाही, आणि फाईल मॅनेजरमध्ये बघतो तर नवीनच सीडी आलेली.

चिप कुठली ते लिनक्सला विचारायला सोपं आहे. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) लिहिलं की जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा नंबर आणि कंपनी येते, आतलं कार्ड असेल तर एलएसपीसीआय (lspci). यानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कितवा आहे ते बघायचं. रियलटेकच्या काही यूएसबी चिपांचा ड्रायव्हर ६.२ या कर्नलपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून आतच आलाय, त्याआधीच्या कर्नलवर बसलेल्या माणसानं नुसतं लिनक्स नवीन केलं तरी काम होतं. हे न बघता आमच्याच धंद्यातली काही पोरं काय करतात, गिटहब या साईटवरनं कोणाचातरी ड्रायव्हर उतरवतात, तिथंच कंपाईल करून बसवतात, पैसे घेतात आणि जातात. नेट सुरू, गिऱ्हाईक खूश. मग पुढच्या अपडेटला कर्नल बदलतं, तो ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बनवलेला, तो काय नव्यावर चढत नाही, आणि सकाळी फोन येतो, "काल रात्रीपर्यंत चालत होतं हो." बाहेरचा ड्रायव्हर बसवायचाच असेल तर डीकेएमएस या सोयीतनं बसवा म्हणजे कर्नल बदललं की तो आपला आपण परत तयार होतो, आणि सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी मशीनची सोय, चालू असेल तर त्याची सही मशीनमध्ये नोंदवायला लागते नाहीतर तो चुपचाप बाजूला बसतो. नेटच नसताना ड्रायव्हर उतरवायचा कुठनं हा प्रश्न पडला तर मोबाईल डेटा केबलनं जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा, अँड्रॉइडला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आणि मुळात लिनक्स टाकायच्या आधी पेनड्राईव्हवरनं लाईव्ह, म्हणजे मशीनमध्ये न बसवता, चालवून दुपारभर वायफाय वापरून बघा, तिथंच अंदाज येतो.

राउटरकडचं एकच सांगतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल धरायचे तर १, ६ आणि ११ एवढेच, आणि अपार्टमेंटमध्ये शेजारपाजारचे पंधरा राउटर दिसत असतात. राउटर ऑटोवर ठेवला की तो कधी १२ नाहीतर १३ वर जाऊन बसतो, आपल्याकडं ते चालतात, पण ज्या कार्डाला आपण भारतात आहोत हे माहीत नसतं त्याला ते चॅनेल दिसतच नाहीत असं होतं, मग मोबाईलवर वायफाय दिसतंय आणि कॉम्प्युटरवर नाही. कॉम्प्युटरच्या वायफायला देश इंडिया सेट करा किंवा राउटरला १, ६, ११ पैकी जिथं गर्दी कमी तिथं कायमचं बसवा.

एवढं सगळं सांगितल्यावर माझं खरं मत सांगतो, डेस्कटॉपला वायफाय लावूच नये. तो टेबलावरनं हलत नाही, त्याला हवेतनं नेट कशाला पाहिजे? मागं केबलचं पोर्ट असतंच, बहुतेक मशीनला लिनक्सवर ते पहिल्या मिनिटाला चालतं, आणि साधी लॅनची केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपली घरं काय तेवढी लांब नाहीत. लोकं भिंतीवर वायर दिसते म्हणून नको म्हणतात, अहो, केबल टीव्हीची काळी वायर दाराच्या चौकटीवरनं घरभर फिरवली होती तेव्हा नाही कोणाला दिसली. त्या पत्रलेखकांनी आधी राउटरला पिंग लावून बघावं, मग डोंगल एक्स्टेन्शन वायरवर बाहेर काढून बघावं, आणि दोन्हीनं नाही जमलं तर लक्ष्मीपुरीत जाऊन केबल घ्यावी. फक्त घेताना सीसीए लिहिलेली घेऊ नका, ती आतनं ॲल्युमिनियमची असते आणि वरनं तांब्याचा नुसता मुलामा, टोकाला प्लग दाबून बसवताना तुटते, तांब्याचीच मागा, मीटरमागं चार-पाच रुपये जास्त गेले तरी चालतील.

कळावे,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
शाहूपुरी, कोल्हापूर