कॅरेन आणि मी

मंजे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, पण उत्तर बोलून नाही देता येणार म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

काल झोप येईना म्हणून 'ऑल अबाउट ईव्ह' परत लावला, १९५० चा, आपण होस्टेलवर बघितलेला तोच. तेव्हा ईव्हला काय शिव्या घातल्या होत्या आपण! भिजल्या मांजरासारखी आली काय, स्टार नटी असलेल्या मार्गोबाईंचे कपडे सांभाळता सांभाळता त्यांचाच ड्रेस अंगाला लावून आरशापुढे वाकून प्रेक्षकांना अभिवादन करते काय. त्या बर्डीला केव्हाच वास लागला होता, पण ड्रेसरचं कोण ऐकतंय. मार्गो झालेल्या बेटी डेव्हिसबद्दल तर बोलायलाच नको, तो घोगरा आवाज अजून कानात आहे. आणि गंमत म्हणजे ऑस्करला ती आणि ईव्ह झालेली ॲन बॅक्स्टर दोघीही बेस्ट ॲक्ट्रेसच्या यादीत, आणि दोघींच्या हातावर तुरी देऊन नेलं ज्युडी हॉलिडेनं. (पिक्चरला १४ नॉमिनेशन्स, मिळाली ६. तुला आकडे लागतात म्हणून.)

पण या वेळी मी कॅरेनकडेच बघत बसले. मार्गोची जिवलग मैत्रीण, नाटककाराची बायको, आपण तिच्याकडे तेव्हा ढुंकूनही बघितलं नव्हतं. मार्गो फार चढलीये, जरा जमिनीवर आणू, एक प्रयोग चुकला तर काय बिघडतंय म्हणून ही बया गुपचूप गाडीतलं पेट्रोल काढून टाकते. मग वाटेत गाडी बंद, बाहेर बर्फ, नवरा पेट्रोल शोधायला गेलेला आणि या दोघी आत गारठून बसलेल्या. आणि मार्गो नेमकी तेव्हाच मऊ पडते गं! मी वाईट वागले म्हणते, वयाची भीती वाटते म्हणते. कॅरेनला राहवत नाही, ती सॉरी म्हणते, तर मार्गो म्हणते, अगं तू थोडीच टाकी रिकामी केलीस! तिकडे ईव्ह मार्गोच्या जागी स्टेजवर, समीक्षक झाडून हजर. तिथे मी पिक्चर थांबवला, उठून पाणी प्यायले.

सेकंड इयरची एकांकिका आठवते? ग्रँड तालमीची वेळ बदलली, तुला निरोप नाही पोचला, तू दीड तास उशिरा आलीस आणि सरांनी तुझा रोल त्या ज्युनिअर मुलीला दिला. निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. विसरले असं सांगितलं मी सगळ्यांना. विसरले नव्हते. तू महिनाभर चारचौघांत माझे उच्चार सुधारत होतीस, म्हटलं एकदा हिलाही बोलणी खाऊ दे, एवढंच होतं डोक्यात, रोल जाईल असं खरंच वाटलं नव्हतं. आणि नंतर टपरीवर तूच मला समजावत होतीस, जाऊ दे गं, तुझी काय चूक. कटिंगचे पैसेही तूच दिलेस.

कॅरेन शेवटपर्यंत मार्गोला सांगत नाही.

रविवारी घरीच आहे. फोन केलास तर उचलेन, नाही केलास तरी समजेन.

वैजू