चारचौघांतला होकार

पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बसलो की आपला वाद होतो, म्हणून लिहिते आहे. परवा आरतीनंतर तुझ्या वर्गातल्या केनियाच्या मुलीभोवती सोसायटीतल्या बायका-पोरांचा गराडा पडला. एका काकूंनी तिची वेणी बोटांत धरून पाहिली, एका पोराने ओढली, आणि तू हसत विचारलंस, "मी पण बघू का?" ती "हो" म्हणाली. विचारून हात लावला, मग बिघडलं कुठे, असं तुझं म्हणणं.

बाळा, तेव्हा मी प्रसादाचं ताट घेऊन तिच्या समोरच उभी होते. "हो" म्हणताना तिने मान किंचित मागे घेतली होती आणि मोदक हातात तसाच धरला होता. परक्या घरी, एवढ्या लोकांच्या देखत, पाहुणीने "नाही" म्हणायचं तरी कसं? जिथे नकार द्यायची सोय नाही, तिथला होकार धरायचा नसतो.

आणि त्या वेण्या! टाळूला लागून इतक्या बारीक वेण्या घालायला कित्येक तास एका जागी बसावं लागतं. बऱ्याचदा त्यात जादाचे केस गुंफलेले असतात, नव्या असल्या की मुळं चांगलीच ठणकतात. "खरे आहेत का?" असं आपण दुसऱ्या कुठल्या पाहुणीला विचारलं असतं का?

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीत १९५० च्या कायद्याने प्रत्येकाची वंशानुसार नोंद होई. शंका आली की केसांत पेन्सिल खोचून बघत. अडकली तर माणूस गोरा नाही. एकाच घरातली माणसं अशा नोंदींमुळे वेगवेगळ्या रकान्यांत गेली. अमेरिकेत अशा केसांवरून शाळेत नि नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये कायदा करावा लागला. केनियाची गोष्ट वेगळी, मान्य. पण लोकांचं टक लावून बघणं, हात लावणं तिच्या वाट्याला इथेही येतं. एकदा लक्ष्मी रोडवर तिच्याबरोबर चालून बघ.

हे दुःख आपल्याला परकं नाही. आपल्याकडे विधवांचे केस घरचेच न्हाव्याला बोलावून जबरदस्तीने उतरवून घेत. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली त्या कामाला नकार दिला. स्वतःच्या केसांवर स्वतःचा हक्क नसणं काय असतं, ते आपल्या पणज्यांनी सोसलं आहे.

कुतूहल असू दे, मला ते आवडतंच. तिला तिच्या गावाबद्दल विचार, घरी काय शिजतं ते विचार. केसांचा विषय तिने आपणहून काढला तर ऐक.

उद्या आजूबाजूला कुणी नसताना तिची माफी माग. "पण मी विचारलं होतं" हे शेपूट जोडू नकोस, आणि "अरे, जाऊ दे" असं तिने म्हणावं म्हणून ताटकळत उभाही राहू नकोस. काकूंशी मी बोलते. रविवारी तिला जेवायला बोलाव, यायचं की नाही ते तिला ठरवू दे. आत्याची मुलं येणार आहेत, त्यांना आधीच बजावून ठेव.

तुझी,
आई