देणगी घेतली, नाव लपवलं

मा. संपादक,

अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणात अडकलेला तो अमेरिकेतला धनाढ्य जेफ्री एपस्टीन, त्याच्या बातम्या वाचतोय आणि दर वेळी कुणीतरी मोठा माणूस म्हणतो की नुसती ओळख होती हो, बाकी मला काय माहीत. डोकं उठतं म्हणून लिहितोय.

2008 च्या आधीचं एकवेळ सोडून देऊ. पण 30 जून 2008 ला फ्लोरिडाच्या कोर्टात त्याने स्वतः गुन्हा कबूल केला, त्यात अल्पवयीन मुलीचं प्रकरण होतं, मग गुपित राहिलं काय? शिक्षा 18 महिने, भोगली साधारण 13, त्यातही आठवड्यातले 6 दिवस बारा बारा तास ऑफिसला जायची परवानगी. आमच्या वेळी हॉस्टेलच्या पोरांना एवढी सूट नव्हती.

ब्रिटनचा तेव्हाचा प्रिन्स अँड्र्यू 2010 मध्ये त्याच्याच घरी राहिला, कशाला तर म्हणे मैत्री तोडायला. त्याला फोन पुरतो की.

पण मला जास्त राग शिकलेल्यांचा येतो. हार्वर्ड विद्यापीठाने शिक्षेनंतर एपस्टीनचा पैसा बंद केला आणि तरी 2018 पर्यंत तो तिथल्या एका प्रोफेसरच्या ऑफिसात 40 पेक्षा जास्त वेळा येऊन गेला, आत जायचं कार्डसुद्धा दिलेलं! म्हणजे पैसा नको पण माणूस चालेल, आणि त्याला तरी दुसरं काय हवं होतं, चार विद्वानांत बसायला मिळालं की झालं. अमेरिकेतल्याच एमआयटी या नामांकित विद्यापीठाने तर त्याच्याकडून 8.5 लाख डॉलर घेतले, दहातल्या 9 देणग्या शिक्षेनंतरच्या. वरच्या साहेब लोकांना माहीत होतं, घ्या पण गाजावाजा नको असं त्यांचं ठरलेलं. आपल्याकडे गुप्तदानात देणारा नाव लपवतो, इथे घेणाऱ्यांनाच ते लपवायचं होतं. माहीत नव्हतं तर लपवलं कशाला?

आता मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गणेश मंडळाला एका वाळूवाल्याने 11 हजार दिले, त्याने कुणाची शेतं उकरली, कुणाला मारहाण केली हे गावाला पाठ होतं. पावतीपुस्तक माझ्याकडे. नाव काय घालू विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "एक गणेशभक्त" घाल. मी घातलं, आणि त्याच संध्याकाळी आरतीला तो माझ्या शेजारी उभा होता, ताट मीच त्याच्या हातात दिलं.

आपला,
एक वाचक, सातारा